लिगामेंट तापवून आखडवलं तर ते मजबूत होतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तिथेच कळेल. तुम्ही २६ वर्षांचे, कबड्डी खेळता, चढाईपटू आहात. चार महिन्यांपूर्वी पकडीतून निसटताना डावा गुडघा पिळला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा नारळासारखा सुजला. एमआरआयमध्ये एसीएलला, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांना बांधून धरणाऱ्या दोरासारख्या लिगामेंटला, ‘पार्शल टेअर’, म्हणजे अर्धवट इजा निघाली. सरळ चालताना काही त्रास नाही, पण वळताना दोनदा गुडघा सटकला. आता एका डॉक्टरांनी सुचवलंय की नवीन लिगामेंट बसवायची गरज नाही, दुर्बिणीतून रेडिओफ्रिक्वेन्सीची (विजेच्या लहरींनी उष्णता देणारी) दांडी आत घालून ढिलं झालेलं लिगामेंट तापवतो, ते आखडतं, दोन टाके आणि दीड महिन्यात मैदानावर. तुम्ही विचारताय, याने लिगामेंट पुन्हा पहिल्यासारखं मजबूत होतं का, आणि अडीच महिन्यांवर आलेली स्पर्धा खेळता येईल का.

थेट उत्तर द्यायचं तर लिगामेंट आखूड होतं, मजबूत होत नाही. उलट पुढचे काही आठवडे ते आज आहे त्याहूनही कमजोर असतं. स्पर्धेचं शेवटी बोलू.

हे मी बाहेरून टीका करायची म्हणून सांगत नाहीये. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करायला लागून मला पंचवीस वर्षं होऊन गेली. मी शिकत होतो तो काळ नेमका या तंत्राच्या बहराचा होता. आधी होल्मियम लेसर आला, मग १९९०च्या दशकाच्या शेवटी रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं आली. खांद्याचं ढिलं आवरण तापवून आखडवण्याची लाट जगभर पसरली होती आणि खांद्याला चालतं तर गुडघ्याला का नाही, हा विचार ओघानेच आला. मीही केलं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांवर केलं, पण केलं. पडद्यावर जे दिसायचं ते भुरळ घालणारं होतं. सैल, लोंबकळणाऱ्या तंतूंवरून दांडीचं टोक फिरवलं की डोळ्यांदेखत ते ताठ व्हायचे, किंचित पिवळसर पडायचे. टेबलावरच गुडघा ओढून पाहिला की मघाशी पुढे सरकणारी नडगी आता सरकत नसे. शल्यविशारदाला हातोहात यश दाखवणारी गोष्ट फार आवडते. आम्हाला एवढंच सुचलं नाही की टेबलावरची ती चाचणी लिगामेंटची लांबी मोजते, ताकद नाही.

हा फरक समजायला स्वयंपाकघरात जाऊ. मटणाचे तुकडे पातेल्यात टाकल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय होतं? ते आखडतात, घट्ट होतात, हाडाच्या टोकापासून मांस वर सरकतं. त्या क्षणी तुकडा दाबून पाहिला तर कच्च्यापेक्षा टणक लागतो. मग तोच तुकडा शिजत गेला की बोटाने सुटतो. पायाचं सूप रात्रभर उकळून सकाळी थंड झालं की वड्या पडाव्यात तसं थिजतं, कारण त्यातल्या शिरांचं आणि कातड्याचं पार जिलेटिन झालेलं असतं. आखडणं आणि विरघळणं या एकाच वाटेवरच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी पाहून ‘वा, काय घट्ट झालं’ म्हणणारा माणूस वाट कुठे जाते ते विसरलेला असतो.

आता हे लिगामेंटच्या भाषेत. एसीएल मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. कोलॅजनचा प्रत्येक रेणू म्हणजे तीन पेडांची वेणी. हे तीन पेड एकमेकांना हजारो नाजूक बंधांनी धरून असतात, आणि एक वेणी शेजारच्या वेणीला त्याहून पक्क्या बंधांनी जोडलेली असते. तापमान साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या वर गेलं की नाजूक बंध सुटतात, वेणी उलगडते आणि ताणून ठेवलेल्या पेडांचा गुंता होतो. पक्के बंध मात्र टिकून असल्यामुळे तो गुंता वाहून जात नाही, जागच्या जागी आकसतो. हेच ते आखडणं. म्हणजे लिगामेंट आखूड झालं याचा अर्थ त्यातला दोर काही प्रमाणात उसवला. दोराची जी रचना ताण पेलते तीच मोडून आपण लांबी कमी केलेली असते. प्लास्टिकच्या दोरीचं टोक मेणबत्तीवर धरल्यावर ते कसं आकसून गोळा होतं ते तुम्ही पाहिलं असेल. त्या गोळ्याला कोणी बैल बांधत नाही.

किती आखडेल हे तापमान आणि वेळ या दोघांवर अवलंबून असतं. कमी तापमान जास्त वेळ किंवा जास्त तापमान थोडा वेळ, परिणाम जवळपास तोच. त्यात लिगामेंटवर ताण असेल तर ते आखडायला आणखी उष्णता लागते. शस्त्रक्रिया चालू असताना गुडघ्यात सतत सलाइन वाहत असतं, ते थंड करत असतं. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा दांडीच्या टोकाचा असतो, तंतूंच्या गाभ्याचा नसतो. त्यामुळे आम्ही प्रत्यक्षात डोळ्यांवर जायचो: रंग बदलला, तंतू आकसले, पुरे. वरण किती शिजलं हे वाफेवरून ओळखण्यासारखंच ते. अनुभवी गृहिणीला ते जमतं, पण तिचं वरण बिघडलं तर दुसरं लावता येतं.

यात एक अडचण अशी आहे की जिच्यातून कुठल्याही कौशल्याने सुटका नाही. कोलॅजन आखडायला ६० अंशांच्या वर जावं लागतं. लिगामेंटमधल्या जिवंत पेशी मात्र त्याच्या बऱ्याच आधी, पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या आसपासच मरायला लागतात. म्हणजे आखडण्याइतकी उष्णता दिलेला प्रत्येक भाग मृत झालेला असतो. ‘आखडेल पण पेशी वाचतील’ असं तापमान अस्तित्वातच नाही. त्या पेशींबरोबर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जातात आणि मज्जातंतूंची टोकंही जातात. ही टोकं महत्त्वाची आहेत, कारण एसीएल नुसता दोर नाही. गुडघा किती वळलाय, किती ताणलाय याची खबर स्नायूंना पोचवणारी तार पण तीच आहे. खेळाडूचा पाय जमिनीवर नीट पडतो तो या खबरेवर.

मग शरीर काय करतं? मेलेल्या, उसवलेल्या तंतूंना ते कचरा समजतं, आणि ते बरोबरच आहे. आजूबाजूच्या जिवंत भागातून पेशी येतात, जुना माल उचलतात, नवा विणतात. यात उचलण्याचं काम आधी होतं आणि विणण्याचं मागून. मधला काळ हा खड्डा. मेंढ्यांच्या सांध्यांच्या आवरणावर झालेल्या प्रयोगांत तापवल्यानंतर ताठरपणा लगेच घसरलेला, पहिले काही आठवडे खालीच राहिलेला आणि सुमारे बारा आठवड्यांनी सावरत आलेला दिसला. पाहा, हा खड्डा लगेच सुरू होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंतचा. तुम्हाला मैदानावर पाठवायचं ठरलंय ते दीड महिन्यानी, म्हणजे अजून त्या खड्ड्यात असतानाच.

या खड्ड्यात लिगामेंटवर ताण पडला तर ते फक्त तुटत नाही, हळूहळू लांबतही जातं. १९९७ साली अमेरिकेत सशांच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर (रक्ताची शीर नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारं टेंडन) लेसर वापरून एक साधा प्रयोग झाला. शीर तापवली, ती जवळपास साडेसहा टक्क्यांनी आखडली. मग सशांना त्यांच्या पिंजऱ्यात नेहमीसारखं उड्या मारू दिलं. चार आठवड्यांनी मोजलं तर शीर मूळ लांबीपेक्षाही लांब झालेली होती, आठ आठवड्यांनी आणखी, आणि ताठरपणा कमी. हा प्रयोग मी नंतरच्या काळात शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगत आलो, कारण यात कुठलीही गुंतागुंत नाही. आखडवली, वापरली, सैल झाली.

साडेसहा टक्के तुमच्या गुडघ्यात किती होतील ते पाहू. एसीएलची लांबी सुमारे ३२ मिलिमीटर धरा. त्याचे साडेसहा टक्के म्हणजे दोन मिलिमीटर. दोन्ही गुडघ्यांच्या सरकण्यात तीन मिलिमीटरहून जास्त फरक असला की आम्ही ढिलेपणाचा संशय घेतो. म्हणजे हे दोन मिलिमीटर कागदावर मोलाचे वाटतात. पण तेवढ्यासाठी काय पणाला लावतोय तेही बघा. तरुण माणसाच्या धडधाकट एसीएलची तुटण्याची ताकद प्रयोगशाळेत सरासरी २१६० न्यूटन मोजली गेली आहे, साधारण सव्वादोनशे किलो वजन टांगण्याइतकी. तुमच्याकडे आज त्यातला काही हिस्सा शिल्लक आहे. तो शिल्लक हिस्साच आपण तापवायला निघालोय.

कुत्र्यांवरचा प्रयोग याहून बोलका आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुत्र्यांच्या गुडघ्यातलं हेच लिगामेंट, मुळात निरोगी असलेलं, रेडिओफ्रिक्वेन्सीने तापवलं. तापवलेली सगळीच्या सगळी लिगामेंट्स साधारण आठ आठवड्यांच्या सुमारास तुटली. कुत्रा काही कबड्डी खेळत नव्हता. चालत-फिरत होता. कुत्र्याचा गुडघा माणसापेक्षा वेगळा वाकलेला असतो आणि त्याच्या या लिगामेंटवर उभं राहतानाही ताण असतो, तेव्हा हा निकाल जसाच्या तसा माणसावर चिकटवता येणार नाही. पण ‘सगळीच्या सगळी’ हे शब्द वाचल्यावर मी तरी दांडी खाली ठेवली असती, जर तोपर्यंत ठेवली नसती तर.

ठेवली होती, आणि ती एका मुलीमुळे. नाव-गाव सांगत नाही. व्हॉलीबॉल खेळायची. तिचं एसीएल आधी एकदा नवीन बसवलेलं होतं, दोन वर्षांनी ते ढिलं वाटू लागलं म्हणून दुसरीकडे कुठे तरी तापवून आखडवलं. पहिले दोन महिने ती खूश होती, गुडघा घट्ट वाटत होता. चौथ्या महिन्यात नुसती जिना उतरताना गुडघा गेला. मी दुर्बीण घातली तेव्हा तुटलेल्या लिगामेंटची दोन टोकं दिसतील अशी माझी अपेक्षा होती. टोकंच नव्हती. लिगामेंट बसवायला हाडात पाडलेल्या बोगद्याच्या तोंडाशी थोडा लिबलिबीत लगदा आणि बाकी मोकळी जागा. जणू लिगामेंट विरघळून गेलं होतं. मला वाटलं, माझ्याच नशिबी हा विचित्र प्रकार आला असावा. मग वाचताना कळलं की २००० सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अगदी असाच रुग्ण नोंदवला होता आणि ग्राफ्ट, म्हणजे बसवलेलं नवीन लिगामेंट, ‘स्वतःच पचून गेला’ अशा अर्थाचा शब्द वापरला होता. त्याच वर्षी तापवल्यानंतर पुढचं (म्हणजे एसीएल) आणि त्याच्या मागचं, अशी गुडघ्यातली दोन्ही क्रुशिएट लिगामेंट्स तुटल्याचा अहवालही आला होता.

माणसांवरचे एकत्रित निकाल मग हळूहळू येत गेले. सुरुवातीचे काही अहवाल चांगले होते हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. दोन वर्षांपर्यंत गुडघे घट्ट राहिल्याचं काहींनी लिहिलं. तुमच्या डॉक्टरांच्या मनात कदाचित तेच असतील. पण २००५ साली जास्त काळ पाठपुरावा केलेला अभ्यास आला, त्यात बहुतेक रुग्णांचं लिगामेंट पुन्हा ढिलं झालेलं किंवा तुटलेलं होतं. २००८ साली अनेक केंद्रांतल्या रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याच्या आसपास अपयश होतं आणि आधी बसवलेल्या ग्राफ्टला तापवलेल्यांत ते प्रमाण त्याहून खूपच जास्त. मूळच्या, अर्धवट इजा झालेल्या एसीएलचे निकाल ग्राफ्टपेक्षा बरे होते, पण ‘बरे’ म्हणजे दर पाच-सहा जणांत दोघं अपयशी अशा घरातले. त्यानंतर एसीएलसाठी हे तंत्र जवळपास मागे पडलं. म्हणून आजच्या दिवशी कोणी ते सुचवतंय हे वाचून मला थोडं नवल वाटलं.

इथे एक शंका येऊ शकते, आणि ती रास्त आहे. खांद्याच्या आवरणाचे निकाल निदान काही काळ तरी बरे कसे दिसले? फरक जागेचा आहे. खांद्याचं आवरण पडद्यासारखं पसरलेलं असतं, त्याच्या मागे स्नायू असतात, चहूबाजूंनी रक्त येतं. त्यात काही शल्यविशारद सगळं सरसकट रंगवल्यासारखं तापवण्याऐवजी शेतात सऱ्या पाडाव्यात तसे पट्टे ओढायचे, मधली पट्टी जिवंत ठेवायचे. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत असे पट्टे ओढलेलं आवरण लवकर भरलेलं दिसलं, कारण पेशींना यायला शेजारचं घर शिल्लक होतं. आणि हात झोळीत बांधून सहा आठवडे स्वस्थ ठेवता येतो. एसीएलचं असं काहीच नाही. ते सांध्याच्या पाण्यात लोंबणारा बोटाएवढा दोर आहे, रक्तपुरवठा मुख्यतः एकाच छोट्या धमनीतून आणि वरच्या पातळ वेष्टनातून. तापवताना पहिलं नुकसान त्या वेष्टनाचंच होतं. पायाला झोळी नसते, प्रत्येक पावलाला त्यावर थोडा तरी ताण येतोच. आणि एवढं असूनही खांद्यातही हे तंत्र टिकलं नाही. खांदे पुन्हा निखळायला लागले, काहींचं आवरण झिजून गेलं, काहींच्या सांध्यातली कूर्चाच, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, उष्णतेने गेली. कूर्चेचं नुकसान झालं की ते परत भरत नाही, हे गुडघ्यालाही लागू.

थोडं विषयांतर. तापवून सांधा घट्ट करायची कल्पना या यंत्रांसोबत आलेली नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसने वारंवार निखळणाऱ्या खांद्याला काखेत तापल्या सळीने डाग द्यायची पद्धत लिहून ठेवली आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अग्निकर्म आहे, आणि गावाकडे लंगडणाऱ्या बैलाला डागायची रीत आमच्या लहानपणापर्यंत होती. शर्यतीच्या घोड्यांच्या दुखऱ्या शिरांवर डाग देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये चांगली तपासली गेली आणि १९८० च्या दशकात निष्कर्ष निघाला की डागल्याने शीर काही लवकर किंवा चांगली भरत नाही. घोडा बरा व्हायचा तो डागल्यानंतर सक्तीने मिळणाऱ्या विश्रांतीमुळे, असं बऱ्याच जणांचं मत. मला हे पटतं. आमच्याकडेही बैल डागला की महिनाभर त्याला औताला जुंपत नसत.

आणि हो, आईने दिलेला शेक बंद करू नका. गरम पाण्याची पिशवी किंवा फिजिओचं शेकायचं यंत्र यांनी आतलं लिगामेंट ६० अंशांच्या जवळपासही जात नाही. तसं झालं तर आधी कातडी भाजेल. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण हे सगळं वाचून कोणी तरी नक्की विचारणार.

अजून एक गैरसमज आधीच दूर करतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या बिलात ‘आरएफ वॉन्ड’ असं लिहिलेलं दिसलं तर लगेच घाबरू नका. तीच दांडी आम्ही रोज वापरतो, पण फाटलेल्या पदराचे धागे छाटायला, रक्त थांबवायला, जागा साफ करायला. आक्षेप दांडीला नाही. ताण पेलणाऱ्या लिगामेंटला ती मुद्दाम लावून ते आखडवण्याला आहे. त्यामुळे डॉक्टरांना विचारताना नेमकं विचारा: ‘साफसफाई करणार आहात की लिगामेंट तापवून आखडवणार आहात?’ कदाचित त्यांनी पहिलंच म्हटलं असेल आणि तुमच्यापर्यंत दुसरं पोचलं असेल. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात असं रोज होतं, आणि मी त्यांची बाजू ऐकलेली नाही.

मग तुमच्या गुडघ्याचं काय करायचं? इथून पुढचं बरंचसं ‘अवलंबून’ आहे, कारण मी तुमचा गुडघा हातात घेतलेला नाही.

पहिली गोष्ट, ‘पार्शल टेअर’ या दोन शब्दांवर फार विसंबू नका. एमआरआय लिगामेंटचा फोटो काढतो, ते किती ताण पेलेल हे सांगत नाही. अहवालात अर्धवट लिहिलेलं लिगामेंट प्रत्यक्षात निकामी निघालेलं मी पाहिलंय आणि उलटंही पाहिलंय. एसीएलमध्ये दोन पेड असतात. एक पुढे-मागे सरकणं जास्त रोखतो, दुसरा पाय जवळपास सरळ असताना पिळणं रोखायला जास्त मदत करतो. कुठला गेलाय यावर पुष्कळ ठरतं. ते कळतं हाताने तपासून. गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढतात ती लॅकमन चाचणी, आणि पाय पिळत वाकवताना हाड ‘खट्’ करून जागेवर येतंय का पाहतात ती पिव्हट शिफ्ट. दुसऱ्या चाचणीत खटका येत असेल तर अर्धवट हा शब्द फक्त कागदापुरता. दोन्ही गुडघे तपासून घ्या, कारण काही माणसं जन्मतःच लवचिक असतात आणि त्यांचा चांगला गुडघाही सैल लागतो.

दुसरं म्हणजे, तुम्ही नीट व्यायाम केलाय का? तुमच्या लिहिण्यात ‘महिनाभर फिजिओ केली’ एवढंच आहे. महिनाभरात सूज उतरते, ताकद येत नाही. स्वीडनमधल्या एका गाजलेल्या चाचणीत एसीएल पूर्ण तुटलेल्या १२१ तरुणांचे दोन गट केले होते. एकाला लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांचं एकंदर बरं-वाईट सारखंच होतं. ही माणसं व्यावसायिक खेळाडू नव्हती, हे लक्षात ठेवा. पण तुटलेल्या लिगामेंटवर एवढं साधत असेल, तर अर्धवट इजेला तीन महिने मनापासून व्यायामाची संधी न देता दांडी लावणं घाईचं होईल. मांडीच्या मागचे स्नायू नडगीला मागे ओढून धरतात, म्हणजे एसीएलचं थोडं काम वाटून घेतात. ते आणि पुढचे स्नायू दोन्ही, शिवाय नितंबाचे. एका पायावर बसणं-उठणं, एका पायाची उडी, वळून थांबणं. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यायला हवी. हे मोजून घ्या, अंदाजाने नको.

तीन महिन्यांनंतरही गुडघा सटकत असेल, किंवा पिव्हट शिफ्टला आजच खटका येत असेल, तर तुमच्या खेळासाठी शस्त्रक्रिया करावी लागेल असं मला वाटतं. कबड्डीत चढाईपटूचा गुडघा जे सोसतो ते धावणाऱ्याचा सोसत नाही: एका पायावर शरीर पिळायचं आणि त्याच क्षणी कोणी तरी घोटा धरलेला. प्रत्येक वेळी गुडघा सटकला की आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, चिरडण्याची जोखीम असते. तिचं नुकसान झालं की पंधरा-वीस वर्षांनी गुडघा झिजतो, आणि लिगामेंट बदलून ते भरून येत नाही. शस्त्रक्रिया म्हणजे तुमच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची शीर घेऊन नवीन एसीएल बसवणं. एक पेड शाबूत असेल तर तो ठेवून दुसऱ्याच्या जागी ग्राफ्ट घालता येतो; ते आत गेल्यावर ठरतं, बाहेरून वचन देता येत नाही.

त्यानंतर मैदानावर परतायला नऊ महिने तरी. नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत परतण्यात होणारा प्रत्येक महिन्याचा उशीर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी करतो. कारण ग्राफ्टही एकदा मरून पुन्हा जिवंत होतो. त्यालाही खड्डा असतोच. फरक एवढाच की तो खड्डा आम्हाला माहीत असतो आणि आम्ही त्याच्या काठावर तुम्हाला अडवून ठेवतो. तापवलेल्या लिगामेंटच्या खड्ड्यावर ‘दोन टाके, दीड महिना’ असा गालिचा अंथरलेला असतो.

वाचणाऱ्यांपैकी कोणाचं हे आखडवणं आधीच झालेलं असेल तर तेही सांगतो. होऊन वर्ष उलटलं असेल आणि गुडघा घट्ट असेल तर काही करू नका, सहा महिन्यांनी एकदा तपासून घ्या. काही आठवडेच झाले असतील तर पट्टा लावा, पिळण्याच्या हालचाली आणि उड्या निदान तीन महिने बंद, सायकल आणि सरळ चालणं चालू. जिन्यावर किंवा पलंगावरून उतरताना अचानक गुडघा गेला आणि सूज आली तर ‘सवय झाली असेल’ म्हणून बसू नका. ती व्हॉलीबॉलवाली मुलगी अशीच तीन आठवडे बसली होती, तेवढ्यात तिची गादीही फाटली.

राहिली अडीच महिन्यांवरची स्पर्धा. ती खेळू नका. दांडी लावूनही नाही आणि न लावताही नाही. दोनदा सटकलेला गुडघा तिसऱ्यांदा कुठे सटकेल ते आपल्या हातात नसतं. या आठवड्यात लॅकमन आणि पिव्हट शिफ्ट दोन्ही कोणा एका अनुभवी डॉक्टरांकडून करून घ्या, शक्य असल्यास दोघांकडून वेगवेगळ्या. व्यायाम उद्यापासूनच, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. चाचण्यांचे निकाल इथेच खाली लिहा, मी बघतो. आणि प्रशिक्षकांना स्वतः जाऊन सांगा, संघातल्या मित्राकडून निरोप धाडू नका. चढाईपटूचा गुडघा गेला की प्रशिक्षक आधी चिडतात आणि मग समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.